कार्ड आपले, पैसे त्यांचे : नवशिक्यांसाठी सहा धडे

प्रस्तावना

पूर्वी चोरी हे कष्टाचे काम होते. रात्र जागवायची, कौले उतरवायची, कुत्र्याला भाकरी टाकायची, आणि एवढे करून कपाटात निघायच्या त्या दोन पातळांच्या घड्या. आता ही सगळी मेहनत घरधन्यानेच करायची असते. चोराने फक्त फोन लावायचा. एवढी मोठी जबाबदारी अंगावर येऊनही आपल्याकडे घरधन्यांच्या प्रशिक्षणाची काही सोय नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपाल कार्यालयाने ‘राजू आणि चाळीस चोर’ अशा अर्थाच्या नावाची एक सचित्र पुस्तिका काढली आहे. पण तिचा सगळा रोख राजूने फसू नये असा. प्रस्तुत धडे फसू इच्छिणाऱ्या राजूंसाठी आहेत.

लेखकाची पात्रता : सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. नफा-तोटा हा हातखंडा विषय. निवृत्तीनंतर तोट्याचे प्रात्यक्षिक एका रात्रीत आणि एका सकाळी पूर्ण केले. फी ₹३३,९९९. तपशील सहाव्या धड्यात.

सवयीप्रमाणे प्रमेय आधी मांडतो.
पक्ष : कार्ड आपले आहे.
साध्य : पैसे त्यांचे आहेत.
सिद्धता : पुढीलप्रमाणे.

धडा १ : पिन

एटीएम यंत्राच्या जनकांपैकी एक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा. त्यांचे पहिले यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एनफील्ड भागात सुरू झाले. पिन सहा आकडी ठेवायचा त्यांचा विचार होता. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पत्नी कॅरोलिन म्हणाल्या, मला चारच आकडे लक्षात राहतात. ही हकीकत ते स्वतः सांगत. म्हणजे निम्म्या जगाची तिजोरी एका बाईंच्या स्मरणशक्तीच्या मापाने बेतली आहे.

आपण तेवढीही तसदी घेऊ नये. पिन कार्डाच्या पाकिटावरच लिहावा, म्हणजे दोन्ही एकत्र हरवतात आणि सापडणाऱ्याची शोधाशोध वाचते. लिहायचे नसेल तर १२३४ ठेवावा. कल्पकता दाखवायचीच असेल तर स्कूटरचा नंबर घ्यावा. तो पुढून-मागून रंगवून आपण गावभर मिरवतच असतो. जन्मसालही उत्तम. ते आधार कार्डावर असते आणि आधार कार्डाची झेरॉक्स कोणाकडे नसते?

धडा २ : मदतनीस

महिन्याची एक तारीख, एटीएमबाहेर पेन्शनवाल्यांची रांग, आत यंत्र घरघर करते आहे आणि पडद्यावरची अक्षरे चष्म्यातूनही दिसत नाहीत. अशा वेळी मागून एक गोड आवाज येतो, “काका, द्या इकडे, मी काढून देतो.”

द्यावे. पिनही सांगावा, आणि शक्य तर मोठ्याने, कारण मागच्यांनाही तो कळायला हवा. स्वतः आकडे दाबावे लागलेच तर दुसऱ्या हाताने झाकू नयेत. वर्गात उत्तरपत्रिका झाकणारी मुले पुढे आयुष्यभर कद्रू राहतात.

तरुण कार्ड परत देईल. यंत्र बंद आहे म्हणेल, काळजी घ्या म्हणेल. कार्ड खिशात घालताना त्यावरचे नाव वाचू नये. एका बँकेची बरीच कार्डे दिसायला सारखीच असतात. परत मिळालेल्या कार्डावर एखाद्या अनोळखी आजीबाईंचे नाव असेल, आणि आपले कार्ड तोवर पुढच्या चौकातल्या यंत्रात असेल. साखळी अशी पुढे चालत राहते. आजीबाईंनी आपल्यासाठी केले, आपण पुढच्यासाठी करायचे.

हॉटेलातही हाच उदारपणा ठेवावा. बिल आले की कार्ड पोऱ्याच्या हाती देऊन आत पाठवावे. यंत्र टेबलापाशी मागवणे म्हणजे त्या बिचाऱ्यावर अविश्वास. १ जानेवारी २०२१ पासून नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डावर ₹५,००० पर्यंत पिनही लागत नाही, तेव्हा त्याचा पिन विचारण्याचा त्रासही वाचतो.

धडा ३ : फोन

आता मुख्य विषय. त्याआधी चोराची अडचण समजून घ्यावी. २००९ पासून आपल्या देशात ऑनलाइन खरेदीला नुसता कार्ड नंबर पुरत नाही, आणखी एक खूण द्यावी लागते. २०१८ अखेर नुसत्या काळ्या पट्टीची जुनी कार्डे बाद करून चिपची कार्डे आणायचे ठरले. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा नंबर साठवून ठेवायला मनाई आहे. एकूण कुलूप बरे आहे. आणि कुलूप जितके पक्के, तितका चोर गोड बोलणारा. कारण किल्ली आता आपल्याकडे आहे आणि ती आपण होऊन द्यावी लागते.

फोन हिंदीत येतो. “सर, बैंक के हेड ऑफिस से बोल रहा हूँ, आपका कार्ड आज रात ब्लॉक हो जाएगा.” इथे मराठी माणसाचा निम्मा पराभव झालेला असतो. मराठीत जो रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी अर्धा तास भांडतो, तो हिंदीत शिरला की एकदम अदबशीर होतो. “हां हां, बोलिए ना” म्हणतो. मग केवायसी, रिवॉर्ड पॉइंट, वाढीव लिमिट असे काहीबाही येते. काय येते ते महत्त्वाचे नाही, ‘आज रात’ महत्त्वाचे. विचार करायला उद्याची सकाळ मिळाली तर धडा फुकट जातो.

मग ओटीपी येईल. मेसेजमध्ये आकड्याशेजारीच लिहिलेले असते की हा कोणालाही सांगू नका, बँक तो कधीच विचारत नाही. फोनवर मोठ्याने वाचून दाखवताना तेवढे वाक्य गाळावे.

‘फोन ठेवतो आणि कार्डाच्या पाठीवरच्या नंबरवर मीच करतो’ असे मुळीच म्हणू नये. समोरच्याला वाईट वाटते. बँकांनी ग्राहकांच्या व्यवहारासंबंधी फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करावेत, असे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिले आहे, ते विसरावे. आणि बँकेचा नंबर स्वतः शोधायची वेळ आलीच तर गूगलवर ‘कस्टमर केअर’ टाकून जो पहिला दिसेल तो लावावा. चोर तिथेही हजर असतात, मुख्य म्हणजे पहिल्या रिंगला उचलतात. त्यावरूनच खरी बँक नाही हे ओळखू यायचे, पण आपण ओळखू नये.

पोटकलम : कोणी आपल्याला पैसे ‘देण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवून पिन टाकायला सांगितला, तर टाकावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे कळायला आयुष्य पडले आहे.

धडा ४ : लग्नपत्रिका

रात्री व्हॉट्सॲपवर अनोळखी नंबरावरून लग्नपत्रिका येते. शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे असतात, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप असते. पण आमंत्रण आले आणि उघडून पाहिले नाही, असे आपल्या सात पिढ्यांत झालेले नाही. कोणाची तरी मुलगी, कोणाचा तरी मुलगा. आहेर किती करायचा हे तरी कळायला हवे. वाहतूक दंडाच्या चलनाची अशीच फाइल येते. तीही उघडावी, आपण सिग्नल तोडला नसला तरी.

उघडल्यावर ॲप विचारते, तुमचे मेसेज वाचू का? ‘हो’ म्हणावे. विचारून वाचतो म्हणजे सभ्य घरचा असणार. त्यानंतर ओटीपी सांगण्याचाही त्रास उरत नाही. तो येतो आणि परस्पर जातो.

धडा ५ : बटणे

हा धडा छोटा आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाची बटणे असतात : ऑनलाइन, परदेशी, टेकवून. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाने नव्या कार्डावर ही तिन्ही बंदच येतात, आणि हवी तेव्हा उघडता-मिटता येतात. रोजची मर्यादाही आपणच ठरवू शकतो. म्हणून कार्ड मिळताच सगळी बटणे चालू करावी आणि मर्यादा शेवटच्या टोकाला न्यावी. परदेशी जायचा योग नसला तरी कार्डाला तरी जाऊ द्यावे.

धडा ६ : गप्प बसणे

पहिल्या पाच धड्यांत पैसे जातात. ते कायमचे जायला हा सहावा लागतो.

हुशार विद्यार्थी विचारेल, आपण काहीच न करता पैसे जातात त्याचे काय? जातात. २०१६ मध्ये एका यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्रॅममुळे देशातली सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेवर हल्ला करून चोरांनी बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली. दोन दिवसांत एकूण ९४ कोटी रुपये गेले. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा सांगितले होते.

आपला दोष नसेल तर रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेले नियम आपल्या बाजूचे आहेत. बँकेचाही नाही आणि आपलाही नाही, असा तिसऱ्याच ठिकाणचा घोटाळा असेल, तर बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास आपले नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला दर व्यवहारामागे फार तर ₹१०,००० ची झळ. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. कळवल्यावर बँकेने दहा कामकाजी दिवसांत ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची, ९० दिवसांत निकाल लावायचा. आणि चूक ग्राहकाची हे सिद्ध करायचे ओझे बँकेवर. म्हणून हे तीन दिवस मेसेज न वाचता काढावेत.

आपणच आकडे सांगितले असतील तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेच्या डोक्यावर. हे वाक्य मला तेव्हा माहीत नव्हते.

मेसेज संध्याकाळी आला : बिल अपडेट नसल्याने आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. बिल मी भरले होते, पावती फ्रिजवर चुंबकाखाली होती. तरी फोन केला. शिक्षकाला ‘अपूर्ण’ हा शेरा सोसत नाही. पलीकडचा म्हणाला, “सर, सिर्फ दस रुपये.” ॲप घेतले, मेसेज वाचायची परवानगी दिली, दहा रुपयांसाठी कार्डाचे सगळे आकडे भरले. नऊ वाजून दहा मिनिटांनी ₹९,९९९ गेले. वीज मात्र गेली नाही. दिव्याच्या लख्ख उजेडात मी तो मेसेज चार वेळा वाचला.

बायकोने विचारले, कोणाचा फोन? मी म्हणालो, कोणाचा नाही.

बँकेला फोन लावता आला असता, कार्ड ब्लॉक करता आले असते. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर लावता आला असता. चोरलेले पैसे या खात्यातून त्या खात्यात भराभर पळवले जातात. १९३० वर कळवले तर वाटेतल्या बँका ते रोखू शकतात, पण त्यासाठी पहिल्या तासाचे मोल फार. मी यातले काही केले नाही. आमच्या शाखेत जो अधिकारी आहे तो माझा विद्यार्थी. शेकडेवारीचे गणित चुकले म्हणून मी त्याला भर वर्गात म्हणालो होतो, “तुझ्या हातात कोणी दहा रुपये देऊ नयेत.” आता अख्ख्या शाखेची रोकड त्याच्या हातात होती, आणि मी दहा रुपयांपायी बुडालो होतो. रात्रभर पंख्याकडे बघत पडलो. फोन उशाशी होता, ॲप त्यात जागेच होते. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ₹२४,००० गेले.

म्हणजे पहिले ₹९,९९९ ही भाबडेपणाची फी, आणि पुढचे ₹२४,००० लाजेची. गुणोत्तर साधारण ५:१२.

दहा वाजता शाखेत गेलो. तो हसला नाही. कार्ड ब्लॉक केले, ते ॲप काढायला लावले, तक्रार लिहून घेतली, पोच देताना तिच्यावर वेळ घातली, आणि १९३० माझ्या फोनवरून स्वतः लावून दिला. मग हळूच म्हणाला, “सर, रात्रीच का नाही केलात फोन?” मी पेनाचे टोपण लावायला लागलो. सत्तावीस वर्षे मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी सांगत आलो, की अडले तर लगेच हात वर करा, लाजलात तर पुढची प्रत्येक पायरी चुकत जाते. त्याला ते आठवत असणार. बोलून दाखवले नाही, एवढा तो मोठा.

स्वाध्याय

१. गाळलेली जागा भरा : माझ्या कार्डाचा पिन _ _ _ _ आहे. (पेन्सिल उचलली असल्यास आपण विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण.)

२. चूक की बरोबर ते लिहा : बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते. (बरोबर. पण त्यासाठी आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते, म्हणजे पुन्हा तोंड उघडणे आलेच.)

३. शाब्दिक उदाहरण : एका गृहस्थाचे रात्री ९ वाजून १० मिनिटांनी पैसे गेले. तो लाजून गप्प बसला. सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी आणखी ₹२४,००० गेले. तर लाज ताशी किती रुपयांना पडली?

उत्तर : सुमारे ₹२,६६७. ताळा मी करून पाहिला आहे. हेच सिद्ध करायचे होते.