मुदतबाह्य रिळांचे आश्रयदाते

जुन्या बाजारात, गंजलेल्या कुलपांच्या आणि जोडीदार गमावलेल्या बशांच्या सान्निध्यात, जे गृहस्थ चामडे सुटलेला एखादा कॅमेरा कानाशी धरून नाडीपरीक्षा करणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने शटरचा आवाज ऐकत असतात, त्यांची ओळख पटण्यास निराळ्या पुराव्याची आवश्यकता नसते. १९५४ सालची लायका एम-३ हे त्यांचे परब्रह्म. परंतु ते परवडत नसल्यामुळे त्यांनी सोव्हिएत दैवतांची सगुणोपासना आरंभिली असून, खार्किव्हच्या निराधार मुलांच्या वसाहतीत लायकाबरहुकूम घडविला गेलेला ‘फेड’ आणि त्याचा धाकटा भाऊ ‘झोर्की’ हे त्यांचे कुलस्वामी होत. एकदा त्यांनी सोनेरी मुलाम्याची, माथ्यावर ‘लायका’ अशी अक्षरे कोरलेली वस्तू आणली, ती आतून झोर्की निघाली. आम्ही सांत्वनास गेलो, तर “अहो, अस्सल नक्कल आहे!” म्हणून त्यांनी हातावर पेढा ठेवला.

त्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे ‘ओर्वो’ची आणि उटीच्या सरकारी कारखान्यातील ‘इंदू’ची रिळे वास्तव्यास असतात, त्यामुळे वहिनींना विरजणाची वाटी काढतानाही खातरजमा करावी लागते. सर्वांत मानाचे रीळ कोडॅक्रोमचे. ते धुणारी कॅन्ससमधील अखेरची प्रयोगशाळा २०१० च्या डिसेंबरअखेर नवी रिळे घेईनाशी झाली, सबब त्यावरील रंग कोणाच्याही दृष्टीस पडण्याचा संभव जवळजवळ उरलेला नाही, आणि हाच त्याचा मोठेपणा. मुदत टळल्यावर दर दहा वर्षांमागे एक स्टॉप अधिक प्रकाश द्यावा, असा या पंथाचा सारा आहे. तो बिनतक्रार भरूनही चित्र न उमटल्यास दोष वार्धक्याकडे जातो, छायाचित्रकाराकडे कदापि नाही.

गतवर्षी पुतण्याच्या मुंजीत फोकस जुळविण्यासाठी कॅमेऱ्याच्या खिडकीतील दोन प्रतिमांचे अद्वैत साधेपर्यंत बटू भिक्षावळ उरकून पंगतीस बसला होता. तरीही छत्तीस चित्रे घेतली गेली, आणि रीळ धुऊन आले तेव्हा त्यावर आरंभापासून अखेरपर्यंत केवळ राखी धुके होते. “चाळीस वर्षांची फिल्म, तिचा स्वभावच तो,” असे ते सद्गदित होऊन म्हणाले. या जातीच्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी निराळी आणि लेन्स निराळी. मुंजीत मी शेजारीच उभा होतो, आणि लेन्सवरचे झाकण सारा वेळ जागच्या जागी होते. हे त्यांना अद्याप कोणी कळविलेले नाही. वाचकांनीही कृपया कळवू नये.