सरकारांचा खुलासा

परभणी जिल्ह्यात सरकार दोन. एक मुंबईला असतं आणि पीकविम्याच्या वेळी आपल्याला त्याची आठवण येते. दुसरे वाड्यात असतात आणि आपली आठवण ते स्वतःच करून देतात. हे दुसरे सरकार गोदाकाठच्या कुठल्याही तालुक्याला भेटतील. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर ते खुलासा पाठवतील. न सांगूनही चार तालुक्यांतून चार खुलासे येतीलच, पण ते एकमेकांना खोडून काढतील एवढाच काय तो दिलासा.

वय सत्तरीच्या अलीकडे. मिशीला रोज वळण, पायात करकरणारा जोडा. फेटा फक्त फोटोपुरता, तो बांधलेलाच खुंटीवर असतो. वाड्याचा एक बुरूज शाबूत आहे आणि दुसरा पिंपळाने उभा धरलाय. रस्त्याकडच्या ओवऱ्यांत झेरॉक्स आणि मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. त्यांच्या भाड्याला सरकार ‘उत्पन्न’ म्हणत नाहीत, ‘वहिवाट’ म्हणतात.

आता खरं बोलायचं तर हे घराणं राजाचं नव्हे. परगण्याची देशमुखी होती. रयतेकडून सारा गोळा करायचा, आपला वाटा ठेवायचा आणि बाकीचा निजामाकडे पोचवायचा. 1865 च्या सुमाराला निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी आणली, वसुलीचं काम पगारी अंमलदारांकडे दिलं आणि देशमुखांच्या हातावर सालाचा रुसूम ठेवला. म्हणजे घराणं रिकामं होऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. 1948 ला पोलीस अॅक्शन झाली, 1949 ला जहागिरी गेल्या, 1950 ला कूळकायदा आला. एवढं सगळं आटोपल्यावर, राहिलेल्या कोरडवाहूवर आणि पडक्या बुरुजावर, या मंडळींना राजपद दिलं कुणी? गावातल्या साप्ताहिकानं.

हकिकत अशी. नगरपालिकेनं एकदा थकबाकीदारांची यादी लावली. तीत सरकारांचं नाव होतं, पाणीपट्टी आणि घरपट्टी मिळून. संपादकांना पहिलं पान भरायचं होतं. त्यांनी मथळा दिला : ‘राजघराण्याकडे पालिकेची थकबाकी!!!’ गावाला वाटलं, आता वकिलाची नोटीस जाणार. सरकारांनी बातमी वाचली, ‘नालायक’ असं दोनदा म्हणाले, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि गड्याला पिटाळून उरलेले सगळे अंक विकत आणवले. गावाचा समज झाला, बदनामी दडपायलेत. प्रत्यक्षात ते अंक लातूरच्या व्याह्यांना, नांदेडच्या जावयांना आणि पुण्याच्या भाच्याला टपालाने गेले. एक कात्रण लॅमिनेट होऊन दिवाणखान्यात लागलं. थकबाकी काय, कुणाच्याही नावावर निघते. राजघराणं गावात एकच निघालं होतं.

तेव्हापासून दोघांचं जमलं. जमलं म्हणजे उघड वैर सुरू झालं.

संपादक हे स्वतःच मालक, मुद्रक, प्रकाशक, वितरक आणि आमचे विशेष प्रतिनिधी. अंक चार पानी. वार गुरुवार, पण कागदवाल्याची उधारी फिटली नाही तर शनिवारसुद्धा गुरुवारच. पोट चालतं ते शुभेच्छांच्या जाहिरातींवर : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 17 सप्टेंबर आणि मधेमधे नेत्यांचे वाढदिवस. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या हार्दिक शुभेच्छा सरकार दर वर्षी पाव पान देतात. ज्या भिंतीला टेकून ते मजकूर सांगतात, तिच्यावर आजोबांची तसबीर आहे, शेरवानीत, डोक्याला निजामी दस्तार. आजोबा कुणापासून मुक्त झाले हा प्रश्न जाहिरातीच्या दरात बसत नाही, म्हणून कुणी विचारत नाही.

जाहिराती नसतात त्या आठवड्यांत बातमी लागते. गावातल्या बाकीच्या माणसांना अपमान करून घ्यायला सवड नसते. तेवढी फुरसत एका वाड्यातच.

म्हणून चारचौघांत सरकार ‘पीत पत्रकारिता’ असं दात-ओठ खाऊन म्हणतात, आणि दिवेलागणीला संपादक मागच्या दाराने येऊन चिवडा खातात. ‘विश्वसनीय सूत्रांकडून कळते’ म्हणून जे छापून येतं, त्यातलं धाकट्या सरकारांबद्दलचं, म्हणजे धाकट्या भावाबद्दलचं, सूत्र म्हणजे हे, आणि यांच्याबद्दलचं सूत्र म्हणजे धाकटे. दोघांचा चिवडा खाऊन संपादक निःपक्षपाती राहिलेत, हे मान्य केलं पाहिजे.

सरकारांचा या विषयाचा व्यासंग दांडगा आहे. “1882,” ते बोट वर करून म्हणतात. “टिळक अन् आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बसले. कुणासाठी? कोल्हापूरच्या महाराजांसाठी! दिवाण बर्व्यांनी छळ मांडला म्हणून केसरी-मराठ्यात लिहिलं, म्हणून. तुम्ही आमच्यापायी एक रात्र तरी बसताल का?”

“बसलो असतो, सरकार,” संपादक चिवड्यातला शेंगदाणा शोधत म्हणतात, “पण त्यांची पत्रं कोर्टात बनावट निघाली, म्हणून त्यांना बसावं लागलं. अन् आपल्याकडं दिवाण कोणाला धरायचं?”

“आमचा धाकटा हाय की!”

कोल्हापूरनंतर इंदूर येतं. इथे सरकारांचा आवाज भक्तिभावाने खाली उतरतो. 12 जानेवारी 1925. मलबार हिलवर मोटार अडवून व्यापारी बावलाचा खून, मोटारीत महाराजांकडून पळून आलेली मुमताज बेगम, मारेकऱ्यांचा माग थेट इंदूरपर्यंत. महाराज तुकोजीराव होळकरांवर कोर्टात खटला उभा राहिला नाही, पण पेपरांनी असं रान उठवलं की चौकशी आयोगापुढे जाण्यापेक्षा त्यांनी पुढच्या वर्षी गादी सोडणं पत्करलं. गादी सुटली तरी पेपर सुटले नाहीत. 1928 ला त्यांनी अमेरिकेच्या मिस मिलरशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली, की पुन्हा रकानेच्या रकाने. “बातमी म्हणावी ती ह्याला,” सरकार उसासा टाकतात. “आमच्या नावावर काय? पाणीपट्टी!”

“बेगम आणायची असंल तर आधी ती पाणीपट्टी भरा म्हणावं,” आतून वहिनीसाहेब.

सरकारांना एका कायद्याचं भारी अगत्य आहे. संस्थानिकांची नालस्ती करणाऱ्या ब्रिटिश मुलखातल्या पेपरांना आळा घालायला इंग्रजांनी 1922 ला कायदा आणला. मध्यवर्ती कायदेमंडळानं तो मांडूच दिला नाही, तेव्हा व्हाइसरॉय रीडिंगसाहेबांनी आपल्या खास अधिकारात तो करून टाकला. “त्याला म्हणावं लाटसाहेब!” सरकार सांगतात. आमच्या हैदराबादेत मात्र एवढी यातायात नव्हती. आ. कृ. वाघमाऱ्यांच्या ‘मराठवाडा’ या पेपरवर बंदी आली, की तो दुसऱ्या नावानं निघायचा. ते नाव बंद झालं की तिसरं. ही माहिती मी एकदा सरकारांना दिली. त्यांना वाघमाऱ्यांचं कौतुक वाटलं नाही, निजामाचंही नाही. “एवढी नावं बदलली, अन् आमच्या आजोबांवर एका अंकातसुदिक काही नाही?” असं ते म्हणाले.

लंडनच्या राजवाड्यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. 2023 मध्ये प्रिन्स हॅरी मिरर गटाच्या पेपरांविरुद्ध कोर्टात साक्षीला उभा राहिला, आणि न्यायाधीशांनी तपासलेल्या 33 बातम्यांपैकी 15 गैरमार्गाने मिळवलेल्या ठरवल्या, फोनमधले निरोप चोरून ऐकण्यासकट. सरकारांनी त्या दिवशी संपादकांना बोलावून दम दिला, की आमचा फोन ऐकाल तर खबरदार. संपादक बिचारे गप्प बसले. सरकार फोनवर बोलतात ते स्पीकर लावून आणि पलीकडचा माणूस बहिरा आहे असं धरून. भावकीतला कुठला बांध कुणी कोरला हे एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या, गंगाखेडला निघालेल्या परक्या प्रवाशालाही कळतं. चोरून ऐकायला मागे काही उरतच नाही.

त्याच साली हॅरीनं स्वतःचं पुस्तक काढलं आणि थोरल्या भावाशी झालेली झटापट त्यात घातली, हे कळल्यावर मात्र सरकारांचं मत एकदम चांगलं झालं. “पेपरवाल्यांनी घरातलं काढलं म्हणून कोर्टात जायचं, अन् र्‍हायलेलं आपणच छापायचं. अस्सल खानदानी पोरगं हाय!”

मागच्या पावसाळ्यात वाड्याची मागची भिंत रात्रीतून बसली. बसली ती नेमकी धाकट्यांच्या वाटणीकडे. गुरुवारी (म्हणजे शनिवारी) मथळा : ‘राजवाड्याला भगदाड! गृहकलह चव्हाट्यावर!!’ सरकारांनी फेटा खुंटीवरून काढला तेव्हाच गावानं ओळखलं, खुलासा येणार. तो त्यांनी तीन दिवस सांगितला. त्यात घराण्याची परंपरा होती, भिंत पडली नसून उतरवली असल्याचा निर्वाळा होता, आणि ‘काही विघ्नसंतोषी रक्ताचे नातलग’ होते.

“पहिल्या पानावर, फोटोसकट,” सरकार म्हणाले.

“बातमी फुकट असती, सरकार. खुलाशाला जाहिरातीचा दर.”

“आमची बदनामी फुकट, अन् इज्जतीला पैसे?”

“बदनामीला गिऱ्हाईक हाय. इज्जत वाचतंय कोण?”

घासाघीस होऊन अर्ध्या पानाचा दर आणि दोन पोती ज्वारी यावर ठरलं. संपादक मागच्या दाराने बाहेर पडले आणि पडलेल्या भिंतीच्या भगदाडातूनच पलीकडे धाकट्यांच्या ओसरीवर गेले. तिथेही खुलासा तयार होता, फेटा बांधलेला होता, पोती मोजून ठेवलेली होती. पुढच्या गुरुवारी अंक सहा पानी निघाला आणि तोही गुरुवारीच. दोघा भावांचे फोटो समोरासमोरच्या पानांवर, फेटे एकाच फडक्याचे, मिशा एकमेकींकडे रोखलेल्या. भिंत अजून तशीच आहे. बांधायची म्हणून गवंडी दोनदा येऊन गेला, पण तिच्यावरून दिवाळी अंकापर्यंत निभेल असा संपादकांचा अंदाज आहे, आणि दोन्ही सरकारांना तो पटलेला दिसतो.