इन, टू, ओव्हर अँड अपॉन

सुरतेच्या उधन्यात आम्ही राहतो त्या फ्लॅटचा भाडेकरार इंग्रजीत आहे. घरमालक गुजराती, मी जळगावचा, आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर बसलेली ही तिसरी. सुरुवातच 'बाय अँड बिट्वीन'ने. करार आम्ही केला की आमच्यात झाला, हे सांगायला एक शब्दयोगी अव्यय पुरलं नाही. पुढे मालकाचा हक्क जागेत आहे, जागेकडे आहे, जागेवर आहे आणि जागेच्या उप्परही आहे: 'इन, टू, ओव्हर अँड अपॉन'. चहूबाजूंनी हक्क लागलेल्या या जागेत पाणी मात्र सकाळी अर्धा तास येतं. त्याच्या वाट्याला एकही अव्यय आलेलं नाही.

'नल अँड व्हॉइड' कशाला, असं वकीलसाहेबांना विचारलं. रद्द झालेलं आणखी किती रद्द करणार? ते म्हणाले, "भाऊ, लखेलुं सारुं." टायपिंगचा दर पानावर असतो, हे मागाहून कळलं.

याचं मूळ जुनं आहे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि कालांतराने तिथल्या कोर्टात फ्रेंच शिरली, लॅटिन होतीच. वकिलांनी कुणालाच दुखवलं नाही. 'विल' इंग्रजीतलं, 'टेस्टामेंट' लॅटिनमधलं. मरणाऱ्याने दोन्हीही करावं. 'नल' आणि 'व्हॉइड' मात्र दोन्ही समुद्रापलीकडचेच. तिथे निव्वळ भीती.

आपण फार हसू नये. आपल्या जुन्या सनदांत गाव इनाम देताना जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप असं सगळं नावानिशी द्यायचे. गवत राहून गेलं तर उद्या कोण भांडेल, काय सांगावं! आणि खरेदीखत आजही 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' होतं. अक्कल एकटी पुरत नसावी.

अव्ययांचा दरारा बघायचा तर 1897चा जनरल क्लॉजेस ॲक्ट काढावा. कायद्यात 'फ्रॉम' आलं की पहिला दिवस सुटतो, 'टू' आलं की शेवटचा धरला जातो, असं त्याचं नववं कलम सांगतं. कुणाचं अपील मुदतीत बसतं आणि कुणाचं एका दिवसाने हुकतं, ते या दोन चिमुकल्यांच्या हातात.

सुरतकरांना तर हे आधीच कळायला हवं होतं. 1600च्या सनदेत ईस्ट इंडिया कंपनीच्या लांबलचक नावाचं शेपूट होतं 'ट्रेडिंग इंटू द ईस्ट इंडीज'. 'विथ' नव्हे, 'इंटू'! 1608 मध्ये कंपनीचा कॅप्टन हॉकिन्स सुरतेला आला, आग्र्याला जाऊन जहांगीरशी तुर्कीत बोलला. परवानगी मिळायची, फिरायची. बोलणं तुर्कीत, त्यामुळे इंग्रजी कागद नीट वाचायची पाळी दरबारात कुणावर आलीच नसावी. 1613 मध्ये सुरतेत वखार पक्की झाली. आपल्याकडे शाळेत 'इंटू' म्हणजे गुणाकार. कंपनीने दोन्ही अर्थ पाळले. आत शिरली, वाढत गेली, आणि 1858 मध्ये बाहेर पडताना अख्खं घर राणीच्या नावे करून गेली.