किल्ल्यावरचा नाताळ

अमेरिकेतले क्लायंट रजेवर गेले की हैदराबादच्या पश्चिम टोकाला नाताळ लागतो. १९९८ साली पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींच्या हस्ते सायबर टॉवर्सचं उद्घाटन झालं, आणि हळूहळू माधापूर-कोंडापूरकडच्या घरांत दोन पंचांगं नांदू लागली: एक भिंतीवरचं, दुसरं न्यू जर्सीचं. भिंतीवर दिवाळी असते तेव्हा न्यू जर्सीत साधा कामाचा दिवस असतो. त्यामुळे घरातला बाबा लक्ष्मीपूजनाची आरती एका कानात हेडफोन ठेवून म्हणतो आणि कडव्याच्या मध्येच कुणाला तरी ‘येस, आय कॅन सी युअर स्क्रीन’ असं कळवतो. २४ डिसेंबरला मात्र तिकडून नुसती रजेची आपोआप निघालेली उत्तरं येतात. लॅपटॉप मिटतो आणि बाबा चक्क जमिनीवर मांडी घालून बसतो. मुलांना नाताळ दिवाळीपेक्षा जास्त का आवडतो यावर शाळांच्या पालकसभांत बरीच चिंता व्यक्त होते. त्या चिंतेत ही गोष्ट कुणी धरत नाही.

कोंडापूरच्या अशाच एका मराठी घरातला हा २०२४ चा नाताळ. बाबा सोलापूरचा, आई मडगावची, थोरला दुसरीत, धाकटी ज्युनिअर केजीत. शिवाय आजी. ती सोलापूरहून दिवाळीला आली होती आणि ‘आता संक्रांत करूनच जाईन’ म्हणून राहिली होती. दाते पंचांग मूळ सोलापूरचं, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ओळीवर आजीचा घरचा हक्क.

पहिला पेच किल्ल्याचा पडला. दिवाळीत गॅलरीत केलेला किल्ला डिसेंबर उजाडला तरी उभा होता. त्यावर पेरलेले अळीव कधीच वाळले होते, आणि घरकामाच्या मावशी महिनाभर त्याला वळसा घालून फरशी पुसत होत्या. आईला नेमक्या त्याच जागी गोठा हवा होता. तिच्या माहेरच्या वाड्यावर निम्मी घरं ख्रिस्ती. दिवाळीला इकडून तिकडे नेवऱ्या जायच्या, नाताळला तिकडून इकडे नेवऱ्या आणि दोदोल यायचं, आणि कुणाचा गोठा सरस यावरून दोन्हीकडची मुलं मिळून भांडायची. थोरल्याने किल्ला पाडायला साफ नकार दिला. शेवटी असं ठरलं, की महाराज सिंहासनावर जिथे आहेत तिथेच राहतील, त्यांना हलवायचा प्रश्नच नाही. बालेकिल्ल्याखाली वाघाची गुहा होती, ती रिकामी करून तिथे बाळ येशूची सोय करायची.

हे वाटतं तितकं अशास्त्रीय नव्हतं. बेथलेहेमच्या चर्चमध्ये जन्मस्थान म्हणून दाखवतात ती गुहाच आहे. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला तोही गुहेत, खरा बैल आणि खरं गाढव आणून. कोंडापुरात बैल मिळाला प्लास्टिकचा. गवळण किल्ल्यावर होतीच, ती दुधाचा हंडा घेऊन दोन पायऱ्या खाली उतरली. आईने ट्रेमध्ये नाचणी पेरून हिरवं कुरण उगवलं. मेंढपाळ कमी पडले म्हणून मावळ्यांची नेमणूक झाली आणि मेंढ्या कापसाच्या झाल्या. उंट नव्हता, म्हणून पूर्वेकडचे तीन ज्ञानी पुरुष एकाच हत्तीवर बसून आले. वाघाला धाकटीने हाकलू दिलं नाही. तो बाळाकडे पाहत बसला.

गोष्ट सांगायचं काम आजीकडे आलं. तिने ती आधी आईकडून ऐकून घेतली. हेरोद राजा बाळांच्या जिवावर उठतो, इथपर्यंत आल्यावर तिने हात वर केला.

“थांब. हा तर कंस.”

तिथून पुढे तिला कुणाची मदत लागली नाही. रात्रीच्या अंधारात बाळाला घेऊन निघालेले आईबाप, मागे लागलेला राजा, आडरानातला प्रवास हे सगळं तिला पाठ होतं. फक्त यमुनेऐवजी वाळवंट. थोरल्याने ताबडतोब दोन मावळे मेंढ्यांवरून काढून गुहेच्या तोंडाशी उभे केले आणि हेरोदाचा बंदोबस्त झाला असं जाहीर केलं.

आजीच्या आधी हा मार्ग एका इंग्रजाने चोखाळला होता. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि नव्या ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणांची सवय आहे हे ओळखून त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. ते ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीत रायतूरला छापलं गेलं. मडगाव सासष्टीतच, त्यामुळे हा विषय निघाला की आईची मान जरा ताठ होते. त्याच वर्षी तिकडे शेक्सपिअर वारला. म्हणजे नाताळ हे हल्लीचं मॉलमधलं खूळ आहे असं म्हणणाऱ्या सोसायटीतल्या काकांनी मराठीपुरती तरी चारशे वर्षांची दुरुस्ती करून घ्यायला हरकत नाही.

आकाशकंदिलाचा प्रश्न त्या मानाने आपोआप सुटला, कारण तो उतरवायचा राहूनच गेला होता. चांदणीचा होता. कागदी चांदणी टांगायची ख्रिस्ती पद्धत जर्मनीतल्या मोरावियन पंथाच्या शाळेतून निघाली. तिथे ती मुलांना भूमिती शिकवण्यासाठी करत. समोरच्या घरातल्या तेलुगू ख्रिस्ती कुटुंबाने हा कंदील पाहून लिफ्टमध्ये आगाऊच ‘हॅपी क्रिसमस’ म्हटलं, आणि बाबाने आळसाचं श्रेय सर्वधर्मसमभावाला देऊन टाकलं.

खरी अडचण केकची. २०२४ मध्ये २५ डिसेंबरला बुधवार होता. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि वर सफला एकादशी. महालक्ष्मीच्या व्रताचं उद्यापन एकादशीला करावं की आधीच्या गुरुवारी उरकून घ्यावं यावर आजीची सोलापूरशी फोनाफोनी आठवडाभर चालू होती. अशा महिन्यात घरात अंडं येणं शक्य नव्हतं. मग दही आणि सोडा घालून केक करायचं ठरलं. सुका मेवा रममध्ये भिजवायचा तो संत्र्याच्या रसात भिजला. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई पाकवून रंगवलेली, हे कळल्यावर धाकटीने ती वेचून वेचून ताटाबाहेर ठेवली. तोवर ती तिचं सर्वांत आवडतं फळ होती. शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये, तळाला मीठ पसरून, आजीच्या देखरेखीखाली केक फुगला. कुलकुलं वळायला आईने नवा कंगवा आणला तेव्हा आजी म्हणाली, “शंकरपाळ्यांची वेणीफणी कशाला?” तरी तिने ताटभर वळली. समोरच्या घरून साच्यातून तळलेल्या ‘रोज कुकीज’ आल्या. तेलुगू हिंदू घरांत संक्रांतीला याच साच्यातून गुलाबी पुव्वुलु तळतात. ज्याचा सण आधी येईल त्याने साचा वापरावा, असा साधा हिशेब.

सांता कुठून येणार, हा प्रश्न थोरल्याने अभियंत्याच्या मुलाला शोभेल अशा पद्धतीने हाताळला. घरात चिमणी आहे, गॅसच्या वर, पण तिला जाळी आहे. जाळी काढून पाहिली. आतलं तेल पाहून सांता इथून आला तर अंघोळ घालावी लागेल, असं आजीचं मत पडलं. गॅलरीचं दार उघडं ठेवावं तर डास. पत्रही लिहून झालं: पत्ता इंग्रजीत, मागणी मराठीत, ‘प्लीज’ तीनदा, आणि खाली तेलुगूत नाव, कारण तेलंगणात शाळेला तेलुगू सक्तीची आहे आणि गृहपाठ तिथेच उरकत होता. कॅनडाच्या टपाल खात्याने सांताला खास पिनकोड दिला आहे, एच शून्य एच, शून्य एच शून्य. म्हणजे त्याचं ते हसणंच. बाबाने तो लिहून दिला आणि पत्र ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. ते अजून तिथेच असावं.

सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये २४ ला सांता आला. वर लोकरी टोपी, खाली कोल्हापुरी चपला. तेलुगू मुलं ‘क्रिसमस ताता’ म्हणून त्याच्यावर तुटून पडली. सोलापुरात पद्मशाली शेजाऱ्यांत आयुष्य गेल्याने आजीला तेलुगू समजतं. तिने ‘ताता, कूर्चोंडी’ म्हणून त्याला खुर्ची दिली आणि ‘या उकाड्यात हा कोट?’ असं मराठीत हळहळली. ‘बर्फ कुठाय?’ या प्रश्नावर सांता म्हणाला, “टँक बंडकू जाओ, स्नो वर्ल्डमें है, टिकट लगता.” उत्तर चोख होतं. भाडं भरून अंगात कोट घालून बर्फात खेळायची सोय या शहरात २००४ पासून आहे.

२६ ला तेलंगणात बॉक्सिंग डेची सरकारी सुटी असते. सगळे मेदकला निघाले, साधारण शंभर किलोमीटर. तिथल्या कॅथेड्रलला आदल्याच दिवशी शंभर वर्षं पुरी झाली होती. रेव्हरंड चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळात लोकांना काम आणि त्या कामावर अन्न मिळावं म्हणून बांधायला घेतलेली ही इमारत २५ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. सायबर टॉवर्सचं उद्घाटन करणारे वाजपेयी नेमके त्याच दिवशी ग्वाल्हेरला जन्मले. बाबाने हा योगायोग गाडीत दोनदा सांगितला आणि दोन्ही वेळा कुणी दाद दिली नाही. आवारात जत्रेसारखी गर्दी होती. पावणेदोनशे फुटी मनोऱ्याच्या सावलीत आजीने डबा उघडला. एकादशीची साबुदाण्याची खिचडी. शेजारी बिर्याणीचं पातेलं उघडून बसलेल्या कुटुंबाने तिला आग्रह केला, तिने त्यांना केला, आणि तिची खिचडी संपली. आत ख्रिस्तजन्माची रंगीत काचेची खिडकी उन्हाने पेटली होती. धाकटीने बराच वेळ भिंतीवर तिचं बटण शोधलं.

घरी आल्यावर थोरल्याने सांताने आणलेली रिमोटची गाडी पुन्हा बाहेर काढली. ती फक्त उलटी जात होती. बदलून आणायला हवी, पण सांता बिल देत नाही, म्हणून तो रडकुंडीला आला.

“बिल आहे ना माझ्या मेलवर,” बाबा बोलून गेला.

थोरल्याने बाबाकडे पाहिलं. आईने आजीकडे पाहिलं.

“असणारच,” आजी कुलकुलांचा डबा बंद करत म्हणाली. “सांताकडे आधार कार्ड कुठून असायला? सगळं तुझ्या बाबाच्या नावावरच मागवावं लागतं त्याला.”

थोरल्याला हे पटलं. त्याने बाबाला जागेवरच तक्रार नोंदवायला बसवलं आणि लॅपटॉप दोन दिवसांनी उघडला.