पाणी कुठं जाणार?

लग्नकार्यात कुणी माझी ओळख "ह्या लँडस्केप आर्किटेक्ट" अशी करून दिली, की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच उमटत नाही. मग ओळख करून देणाराच घाईघाईनं खुलासा करतो, "म्हणजे बागेचं बघतात." तेवढ्यावर काम भागतं. जेवायला बसलं की शेजारच्या मावशी जिलबी बाजूला सारून मोबाइल काढतात आणि जास्वंदीचा फोटो दाखवतात. कळ्या गळताहेत, देठांवर पांढरं कापसासारखं काहीतरी साठलंय. तो पिठ्या ढेकूण असतो. मी निंबोळी तेल सुचवते, मावशी मान डोलावतात आणि जिलबीकडे वळतात. डॉक्टरला विचारताना लोक "इथं विचारू नये, पण" एवढं तरी म्हणतात.

खरं तर झाड हा आमच्या नाटकाचा शेवटचा अंक. आधीचे सगळे अंक पाण्याचे. ते येतं कुठून, जातं कुठं आणि वाटेत कुणाच्या तळघरात शिरतं, यातच आमचं निम्मं आयुष्य जातं. त्यात माझं घर साताऱ्यात आणि बरीचशी कामं सांगलीकडे, त्यामुळे मला दोन तोंडांनी बोलावं लागतं. साताऱ्याच्या उतारावर पाण्याला विनवायचं, बाबा, जरा टेक. सांगलीच्या सपाटीवर त्यालाच सांगायचं, आता नीघ. शिवाय कृष्णामाई महाबळेश्वरहून निघून, माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना बरोबर घेऊन सांगलीलाच जाते. म्हणजे वर जे मला थोपवता आलं नाही, तेच खाली माझी वाट बघत असतं.

नव्या जागेवर गेलं की मी पहिल्यांदा फूटभर खड्डा घ्यायला लावते. त्यात बादलीभर पाणी ओतायचं आणि ते जिरायला किती वेळ लागतो ते बघत बसायचं. मातीची पत्रिका यातून कळते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी मुरमाड जमिनीत हा प्रयोग केला, तर बादली खाली ठेवेपर्यंत पाणी गायब. मालक खड्ड्यात वाकून म्हणाले, "खाली भोक हाय काय?" सांगलीत विश्रामबागेकडे तोच प्रयोग काळ्या मातीत केला. चहा झाला. मालकांनी गेट कितीला पडलं ते सांगितलं. जावयाची नोकरी, जावयाच्या भावाची नोकरी, दोन्ही झाल्या. दुसरा चहा झाला. खड्ड्यातल्या पाण्यात आभाळ छान दिसत होतं. शेवटी माळीच म्हणाला, "मॅडम, उद्या बघूया की." ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून एवढ्या भेगा पाडते की खिशातली किल्ली पडली तर कुदळच आणावी लागते. तिच्यावर घातलेली फरशी दर वर्षी नवी नक्षी धरते. तरी मालकांना हवी होती मखमली हिरवळ, मध्ये कारंजं आणि कारंज्याला रंग बदलणारे दिवे.

मागण्या ऐकण्यात जी मजा आहे, ती नकाशे काढण्यात नाही. साताऱ्यातल्या एका बंगल्याच्या मालकांना कास पठार हवं होतं. बघायला नको होतं, घरात हवं होतं. चार गुंठ्यांत, कंपाउंडच्या आत, बारा महिने. मी समजावून सांगितलं की २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या त्या पठारावर फुलं येतात ती तिथली जमीन दरिद्री आहे म्हणून. जांभ्याच्या कातळावर मातीचा पातळसा थर, पावसाळ्यात चिंब, नंतर ठणठणीत कोरडा. तिथं शेणखत टाकलं तर गवत माजेल आणि सीतेची आसवं, सोनकी बिचाऱ्या त्याच्याखाली गुदमरतील. फुलांसाठी माती उपाशी ठेवायची, ही गोष्ट त्यांच्या गळी उतरेना. त्यांनी आधीच चार ट्रॉल्या शेणखत सांगून ठेवलं होतं. शेवटची आशा म्हणून मी टोपली कारवीचं नाव काढलं.

"ती कधी फुलते?"

"सात वर्षांनी एकदा."

"वास्तुशांत मार्गशीर्षात आहे," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. दारात आठ पाम उभे राहिले. आमच्या धंद्याचा सगळा इतिहास या वास्तुशांतीच्या तारखेभोवती फिरतो. तीस वर्षांनी सावली देणारं झाड कुणाला नको असतं असं नाही, फक्त ते पाहुणे यायच्या आत हवं असतं.

आता मिस्त्री. माझ्या नकाशावर प्रत्येक फरसबंदीला ढाळ लिहिलेला असतो, शंभराला एक, बाण काढून. मिस्त्री नकाशा आदरानं घेतात, चौघडी करून खिशात घालतात आणि म्हणतात, "मॅडम, तुम्ही काळजीच करू नका." या वाक्यानंतर मला रात्री झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन बघावं तर ढाळ आहे, एकदम सुबक आहे आणि थेट घराच्या दाराकडे आहे. मी लेझरची लेव्हल लावते. मिस्त्री तिच्याकडे परक्या मुलखातल्या पाहुणीकडे बघावं तसं बघतात आणि पाणी भरलेली आपली पारदर्शक नळी काढतात. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं पोऱ्याच्या हातात. दोघेही पुटपुटत पाणी स्थिर व्हायची वाट बघतात. नळी आणि लेझर एकच उत्तर देतात, पण मिस्त्रींना पटतं ते नळीचं. "पाणी खोटं बोलत न्हाय, मॅडम." हे मात्र बरोबर आहे. आमच्या व्यवसायात तेवढं एकच बोलत नाही.

सांगलीत तर ढाळाची भाषा सगळ्या गावाला येते. तिथं कुणी "समुद्रसपाटीपासून" म्हणत नाही. आयर्विन पुलापासून मोजतात. १९२९ चा तो पूल, त्याच्यापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, हे शाळकरी पोरही सांगेल. जागा दाखवताना मालक भिंतीवर हात ठेवून सांगतात, "२००५ ला इथवर." मग टाचा उंचावून, "२०१९ ला इथवर." त्या ऑगस्टमध्ये पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा हात कमीच पडतो. पूररेषा दोन, निळी आणि लाल. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची लाल. नदीकाठच्या एका फार्महाउसच्या मालकांनी नकाशावरच्या निळ्या रेषेवर बोट ठेवून मला हळूच विचारलं, "ताई, ही जरा सरकवता येत नाही का? कुणाला भेटावं लागेल?" मी म्हटलं, कृष्णेला.

पुरानंतरच्या बागा बघण्यासारख्या असतात. गाळाच्या थराखाली हिरवळ सपाट, परदेशी रोपं काळी, कारंज्याचे दिवे कुठं गेले ते नदीला माहीत. आणि कडेला, कुणी न लावलेले करंज, उंबर, वाळुंज जागच्या जागी उभे. लव्हाळ्याबद्दल तर तुकोबांनी सांगूनच ठेवलंय, मी काय वेगळं सांगणार?

मोबदल्याचंही बोलायला हवं. पहिला हप्ता रोख आणि आनंदात येतो. दुसरा, झाडं मोठी झाली की. तिसऱ्याऐवजी तासगावचे बेदाणे येतात. सांगलीकडची मंडळी मनानं उदार. बेदाणे, हळद, काकवी, भडंग असं सगळं गाडीच्या डिकीत भरून देतात आणि धनादेशाचं मात्र "पुढच्या खेपेला". सत्काराला बोलावलं तर शाल, श्रीफळ आणि काळ्या पिशवीतलं रोप. डॉक्टरला कुणी सत्कारात इंजेक्शन देत नाही. पण मला रोपच. माझ्या गॅलरीत आता अर्जुनाची आणि वडाची एवढी रोपं झालीत की सोसायटीनं विचारणा केली आहे.

नावाची अपेक्षा तर ठेवूच नये. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ दरम्यान, वीरूबाई भोसल्यांनी आमराईला पाणी मिळावं म्हणून ती बांधून घेतली. वर बारा मोटांची सोय, पोटात महाल, आणि पाण्याची आखणी अशी की आजही मी तिथं विद्यार्थ्यांना नेते तेव्हा फार बोलावं लागत नाही. वीरूबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ती आखली कुणी, हे एकाही विद्यार्थ्यानं अजून विचारलेलं नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचंही तेच. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी त्याचा आराखडा केला, दलदल निचरायला जमिनीत मातीच्या नळांचं जाळं पुरलं, आणि लोक म्हणतात, किती छान नैसर्गिक जागा राखून ठेवलीय!

उलट सागरेश्वरला गेलं की मला आमच्या धंद्यातल्या लोकांबद्दल जरा संशयच येतो. सांगली जिल्ह्यातल्या त्या उघड्याबोडक्या डोंगरांवर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडं लावली, जगवली, वर हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, जवळजवळ अकरा चौरस किलोमीटरचं. ना कारंजं, ना सेल्फी पॉइंट. हरणं आता शेजारच्या शेतात जाऊन पिकंही खातात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. माझ्या कुठल्याही बागेबद्दल अजून एवढी गंभीर तक्रार आलेली नाही.

माझ्याकडे तक्रारी येतात त्या पावसाळ्यात, फोनवर. परवाच्या जुलैत साताऱ्यात पाऊस नुसता कोसळत होता आणि एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. असा फोन आला की मी आधी खुर्ची बघते.

"मॅडम, रात्रभर पाऊस चाललाय."

"हो."

"पण पार्किंगमध्ये पाणीच नाही. दर वर्षी गुडघाभर असतं. काही गडबड तर नाही ना?"

मी सांगितलं, की ते मागच्या चरातून शोषखड्ड्यात चाललंय, खाली मुरतंय, आणि ते तसं जावं म्हणूनच तुम्ही उन्हाळ्यात मला बोलावलं होतंत. पलीकडे बराच वेळ फक्त पावसाचा आवाज.

"म्हणजे आम्ही मागच्या वर्षी उपसायला पंप घेतला, तो वायाच गेला म्हणायचा," ते म्हणाले. "दीड एचपीचा आहे हो. नवाकोरा. तुमच्या राहिलेल्या बिलात वळता करून घेता का?"

घेतला मी. सांगलीकडे लागतोच.