विषय : आपल्या अंगावरून जाण्याबाबत

प्रति,
मा. सागरी महामार्ग,
मुक्काम रेवस, पोस्ट रेडी.
(मधला पत्ता अपूर्ण)

विषय : स्वयंपाकघर, बिछाना व संडास यांसह आपल्या अंगावरून जाण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : १) महाराष्ट्र शासनाचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण, २०२१. २) ऑकलंडच्या मेहुण्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेले फोटो.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकाराच्या कुटुंबाने कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन कोकण किनारा वरपासून खालपर्यंत करण्याचे ठरवले आहे. ‘ठरवले आहे’ ही अवस्था आपल्याला नवी नाही. बॅरिस्टर अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले, त्या काळापासून आपणही ठरलेलेच आहात. नियोजन या विषयात आपल्याहून अधिकारी असामी मला राज्यात दुसरी दिसली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. पत्र उघडंच ठेवलं आहे. पाकिटात घालून पाठवलं, तर ते पोचवणाऱ्याला वाटेत चारदा बोटीत बसावं लागेल.

आपण अजिबातच नाही, असं माझं म्हणणं नाही. तुकड्यातुकड्यांनी आपण आहात आणि काही तुकडे तर असे देखणे की बोलायची सोय नाही. आरे-वारेच्या उतारावर एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला सगळा समुद्र अंगावर येतो, तेव्हा आपली सगळी दिरंगाई माफ करावीशी वाटते. पण पुढचं वळण घेतल्यावर खाडी लागते आणि आपण गायब. आपल्या मागाहून जन्मलेली कोकण रेल्वे १९९० मध्ये कामाला लागली आणि १९९८च्या २६ जानेवारीला सह्याद्रीची पोटं फोडून धावायलाही लागली. घरात धाकटी बहीण नोकरीला लागून स्थिरस्थावर झाली तरी थोरल्याची पत्रिका जुळवणं चालूच, तसं आपलं झालं आहे. आत पलीकडे मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यामुळे आपल्याला फारसं एकटं वाटू नये.

आता आमच्या बेताविषयी. मेहुणे न्यूझीलंडात राहतात. तिथे म्हणे गाडी स्वयंपूर्ण असल्याचा दाखला मिळतो. मोरीचं पाणी, संडासाची टाकी, कचरा, सगळं आपल्या पोटात ठेवणारी गाडी असेल, तरच तळाबाहेर मोकळ्यावर मुक्काम करू देतात. ठरावीक ठिकाणी जाऊन टाकी रिकामी करायची, पाणी भरायचं, पुढे निघायचं. कोणाच्या दारात जायला नको, कोणाचे उपकार नकोत. मेहुण्यांनी हे इतक्या उमाळ्याने सांगितलं की सौभाग्यवतींनी त्याच रात्री तक्ता मांडला. दिवस, अंतर, मुक्काम, नाश्ता असे रकाने. मी ‘टाकी’ असा एक रकाना घालायला सांगितला. तो अजून रिकामा आहे. रकाना रिकामा आहे म्हणजे टाकी भरलेली आहे, हे आपल्या लक्षात येईलच.

संदर्भ क्रमांक एकमध्ये कॅरव्हॅन आणि त्यांच्यासाठीची पार्क, दोन्हींचा विचार शासनाने केलेला आहे, याची नोंद घेऊन आभार मानतो. पण केळशीत संध्याकाळ झाली आणि टाकीचा दिवा लाल झाला, तर नेमकं कोणत्या कलमाखाली थांबायचं? माडाच्या आगरात ती रिकामी करू देणारा आगरमालक अजून जन्माला यायचा आहे, आणि खाडीत करू पाहणाऱ्याची काय गत होते हे मला कोळीवाड्यात प्रत्यक्ष जाऊन विचारायचं नाही.

गाडीच्या रुंदीवरून घरात बराच काथ्याकूट झाला. दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, वर आंब्याच्या फांद्या, त्यांतून लोंबणाऱ्या तारा, अशा वाटेने आमचं चाकांवरचं घर गुहागरात शिरणार कसं? वरचा पाट ते खालचा पाट सरळ रेषेत वसलेलं ते गाव, समोरून रिक्षा आली की कोणी तरी कोणाच्या तरी अंगणात शिरायचं, हा तिथला शिरस्ता. मेहुण्यांनी आरसे दुमडण्याची युक्ती सांगितली. तेवढ्यात आमच्या सासूबाईंनी विचारलं, “तिथे एसटी जात नाही का?” जाते. आमच्या गाडीहून लांब, आमच्या गाडीहून रुंद, आत उभी माणसं आणि दारात टोपल्या घेऊन रोज जाते. आपल्या कडेकपारींतून उभं आयुष्य एसटी फिरवणाऱ्या चालकाला साहसी प्रवासी म्हणायचं कधी कोणाला सुचलं नाही आणि त्याच्या टपावर कोणी कॅमेरा लावला नाही. सासूबाईंच्या प्रश्नानंतर रुंदीचा मुद्दा कामकाजातून वगळण्यात आला.

मात्र एसटी गावात थांबते, आम्हाला थांबायचं आहे ते थेट लाटांसमोर. जाहिरातीत सगळ्याच कॅम्परव्हॅन ओल्या वाळूवर उभ्या असतात, मागचं दार उघडं, आत रंगीत उशा. इथे आपल्या काठच्या माणसांचं गणित फार जुनं आहे. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या. चतुर्थीला सकाळी नऊ वाजता लांबवर उघडी पडलेली टणक वाळू पाहून जो मोठ्या हौसेने गाडी खाली घालतो, त्याची जेवणं आटपेपर्यंत मागची चाकं पाण्यात असतात. मग ट्रॅक्टर. ट्रॅक्टरवाल्याचा दर पाण्याबरोबर चढतो, आणि मला विचाराल तर त्यात काही गैर नाही. जिथे वाहन नेण्यास मनाई असल्याची पाटी आहे, तिथे तर तो दंडच समजावा. मेहुण्यांकडे भरतीचं ॲप आहे. सासूबाईंकडे कालनिर्णय आहे. चार्जिंगचा प्रश्न एकालाच पडतो.

वेळासला मुक्काम करावा आणि रात्री गाडीबाहेर दिव्यांच्या माळा लावाव्यात, अशी धाकट्या चिरंजीवांची सूचना होती. ती मी फेटाळली. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाच्या दिशेने चालू लागतात. पाण्यावरचा मंद उजेड त्यांना हवा असतो. त्याऐवजी आमच्या माळांकडे वळून ती गाडीच्या चाकांखाली जमली, तर गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं घरटी राखून केलेलं काम आम्ही एका रात्रीत मातीत घालू. ‘निसर्गाच्या कुशीत’ जाणाऱ्यांनी निदान दिवे मालवून जावं.

आता मुख्य मुद्दा, खाड्या. अंबा, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. सह्याद्रीवरून उतरायला यांना फार थोडी वाट मिळते, आणि तेवढ्यात खाली समुद्र त्यांच्या खोऱ्यांत आत घुसून बसलेला. म्हणून नदी छोटी आणि मुख मात्र असं की पलीकडचं गाव दिसतं, ऐकू येतं, गाठता येत नाही. रेवदंड्याला साळावचा पूल आहे, भाट्याला आहे, खाली आणखीही आहेत. पण आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेसवी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड इथे आम्ही गाडीत आणि गाडी जंगलजेटी नावाच्या बोटीत. तिकिटाच्या खिडकीवर सायकल, दुचाकी, कार, टेम्पो, बस, ट्रक असे दर लिहिलेले असतात. घराचा दर नसतो. ओहोटीला जेटीचा उतार वाढतो आणि लांब शेपटाच्या गाडीचं ढुंगण धक्क्याला घासतं, ही माहिती मला एका खलाशाने आधीच देऊन ठेवली आहे. “भरतीला या,” म्हणाला. म्हणजे पुन्हा सासूबाईंचं कालनिर्णय.

आणि खरं सांगायचं तर हा प्रकार नवा कुठे आहे? आमच्या आजोबांच्या पिढीने हाच किनारा आगबोटीने केला. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती जायची. बोट आत उभी राहायची, पडाव येऊन माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरवून घ्यायचा. डेकवर पथारी, डब्यात दशम्या, समोर अथांग समुद्र, शेजारी ओकणारा सहप्रवासी. बिछाना होता, जेवण होतं, दृश्य होतं, आणि खाडी ओलांडायचा प्रश्नच नव्हता, कारण वाट पाण्यातूनच होती. आम्ही ते बंद पडू दिलं, मग जमिनीवरून रस्ता मागितला आणि आता त्या रस्त्यावर बोटीसारखी गाडी न्यायला परवानगी मागतो आहोत. महोदय, या देशातल्या नियोजनाची दिशा सांगायची झाली तर इतकं पुरे.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की गृहस्थ जंगलजेटीच्या प्रेमात आहे, त्याला पूल नकोतच. तसा गैरसमज पसरवणारी मंडळी आमच्यात बरीच आहेत. पंधरा मिनिटांच्या फेरीत ती वारा खातात, चहा पितात, घारींचे फोटो काढतात आणि ‘हे असंच राहू दे’ असं लिहून मुंबईला परततात. असंच कोणासाठी राहू दे? रात्रीची शेवटची फेरी सुटली की दाभोळहून समोर दिसणारं धोपावे चिपळूणच्या वळशाने गाठायचं. बाणकोटवाल्याला समोरच्या हरिहरेश्वरला जायचं तर आंबेत-म्हाप्रळचा पूल गाठायचा. (आंबेत हे अंतुल्यांचं गाव. तिथला पूल झाला, एवढं तरी झालं.) कळा सुरू झालेल्या बाईला घारी दाखवता येत नाहीत. बाणकोटच्या खाडीत अर्धवट पुलाचे खांब किती तरी वर्षं नुसते उभे राहिले. येणारा-जाणारा बोटीतून त्यांच्याकडे पाहायचा आणि खांब त्याच्याकडे. तेव्हा पूल कराच. लवकर करा. फक्त ते आमच्यासाठी केले असं कुठल्याही भाषणात म्हणू नका, कारण ‘पर्यटनाला चालना’ हे शब्द उच्चारले की आधी काचेचे कठडे येतात आणि गावाकडे उतरणारा जोडरस्ता राहून जातो.

जाता जाता एक घरगुती अडचण. तक्त्याच्या ‘मुक्काम’ रकान्यात आम्ही लिहिलं आहे, ‘गाडीत’. पण दिवेआगरपासून तारकर्लीपर्यंत जिथे म्हणून गाडी उभी करायचं योजलं, तिथे समोरच पाटी आहे, ‘घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय’. आत सारवलेलं अंगण, सोलकढी, मोदकांची ऑर्डर सकाळी द्यावी लागेल अशी सूचना, आणि स्वच्छ संडास. निसर्ग वादळाने २०२० च्या जूनमध्ये श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळी धरायला वर्षं लागतात, तोवर कित्येकांचं घर पाहुण्यांसाठीच्या दोन खोल्यांवर चाललं. अशा दारासमोर आम्ही भाड्याने आणलेल्या घरात, बाटलीबंद पाण्यात, पाकिटातली नूडल्स शिजवत बसायचं आणि त्याला स्वावलंबन म्हणायचं! शिवाय ते बसूही देणार नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात कोणी तरी काचेवर टकटक करून ‘कोणाकडे आलात?’ विचारणार. ‘कोणाकडेच नाही’ हे उत्तर आपल्या साऱ्या किनाऱ्यावर अजून स्वीकारलं जात नाही. आडनाव, मूळ गाव, कुलदैवत असं मागे मागे जात ते आमची कोणी तरी चुलत आते शोधून काढतील आणि रात्री आम्ही त्या आतेच्या पडवीत झोपलेलो असू. गाडी बाहेर उभी, खाऱ्या वाऱ्याने गंजत, भाडं मात्र रोजचं चालू.

मेहुण्यांना हे कळवलं. ते म्हणाले, मग कॅम्परव्हॅनचा उपयोग काय? सौभाग्यवती म्हणाल्या, सामान ठेवायला.

तरी कृपया खालील बाबींवर आपला अभिप्राय मिळावा. आपण पूर्ण होणार आहात की आम्ही आधी जाऊन यावं? नव्या आराखड्याप्रमाणे आपली लांबी पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि मोठमोठे पूल निविदांपर्यंत पोचले, असं वाचतो. शेजारून कोकण द्रुतगती महामार्गही यायचा आहे, तेव्हा एकाच डोंगराला दोघांनी दोनदा कापू नये, एवढं आपसात ठरवून घ्यावं. आणि जिथे आपण रुंद होणार आहात, तिथल्या गडग्याआड कोणाचं तरी कलमी आंब्याचं झाड आहे. त्याचा मोबदला झाड पाडण्याआधी द्यावा.

परवानगी न मिळाल्यास आम्ही एसटीने येऊ. सासूबाईंनी ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचं कार्ड काढून ठेवलेलंच आहे.

आपला विश्वासू,
एक नियोजित प्रवासी

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१) मेहुणे, ऑकलंड. टाकीचा रकाना भरून परत पाठवावा.
२) साळावचा पूल. आपल्याविरुद्ध तक्रार नाही.
३) खलाशी, बागमांडला जंगलजेटी. आमची गाडी आल्यास मागच्या चाकाला ओंडका लावावा, हँडब्रेकवर विसंबू नये.