आमच्या मोहल्ल्यातला पोचिंकीकर

बिरसीच्या विमानतळावरून तो अजून एकदाही उडालेला नाही, पण विमानातून उडी रोज रात्री मारतो. उतरायचं ठिकाण ठरलेलं, पोचिंकी. हे गाव देवरीकडे की सालेकशाकडे, असं विचारू नका. ते मोबाइलमधल्या पब्जी गेमच्या इरेंगल बेटावर आहे. त्या आठ बाय आठ किलोमीटरच्या बेटावर कोणतं घर दुमजली, कोणत्या खिडकीतून बंदूक चालते, सगळं तोंडपाठ. घरच्या बांध्या किती, हे मात्र वडिलांना विचारून सांगतो.

असा एक पोचिंकीकर आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात सापडेल. दाखल्यावरचं नाव साधंसुधं, गेममधलं 'गोंदियाका डॉन', मागेपुढे एकेक तलवार. रात्री नऊला डॉन स्लॅबवर चढतो, कारण टॉवर तिथेच पकडतो. सोबत चटई, चार्जर, खालच्या खोलीतून ओढलेली लांब वायर आणि डास मारायची रॅकेट. रॅकेट हाताशीच असते, पण दोन्ही अंगठे लढाईत गुंतलेत हे डासांनाही ठाऊक असतं.

साथीदार तिघे : एक तिरोड्याचा, एक बालाघाटचा, एक राजनांदगावचा. एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नाही. तरी राजनांदगाववाला 'नॉक' झाला की हा गोळीबारात गवतातून सरपटत जातो, त्याला 'रिवाइव्ह' देतो आणि स्वतःजवळची एकुलती एक औषधपेटीही देऊन टाकतो. घरी धाकट्या भावाने चार्जर मागितला तर महाभारत. रोवणीत पऱ्हे लावायला वाक म्हटलं, तर लगेच कंबर धरते.

"बापू, जेवाले ये ना!" खालून हाक येते.

"दोन मिनटं मा, झोन येऊन रायला!"

आकसत येणारं निळं वर्तुळ त्या माउलीला काय माहीत? ती शेजारणीला सांगते, "झोनवाले येऊन रायले म्हणते. बिजलीचे असतील." मग डॉन शंभर जणांत पहिला येतो, 'चिकन डिनर' जिंकतो, आणि खाली उतरून लाखोळीची गार डाळ भातावर ओढून घेतो.

सरकारनेही त्याला कमी छळलं नाही. 2 सप्टेंबर 2020 ला 118 ॲपवर बंदी आली, त्यात पब्जी गेला. 30 ऑक्टोबरला कंपनीने भारतातली सेवाच बंद केली. नेमकी त्या रात्री कोजागिरी. एरवीही हा जागाच असायचा, त्या रात्री मात्र बऱ्याच वर्षांनी वर मान करून त्याने चंद्र पाहिला आणि म्हणाला, "ब्राइटनेस जास्त आहे." 2 जुलै 2021 ला तोच गेम बीजीएमआय नावाने परतला, तोही ऐन रोवणीत. पुढच्या वर्षी 28 जुलैला तो प्ले स्टोअरवरून हटवल्याचं ऐकून वडिलांनी रोजगाऱ्यांत एक माणूस वाढला असं धरलं. पण ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच होता त्यांचा चालूच राहिला, हे त्यांना कोण सांगणार? मे 2023 मध्ये गेम रीतसर परत आला, तेव्हा अठरा वर्षांवरच्यांनाही दिवसाला सहा तासांची मर्यादा घातली होती. "एवढ्यात काय होते जी?" असं त्याने फार कळवळून विचारलं.

लोक त्याला आळशी म्हणतात. मला ते पटत नाही. नऊ म्हणजे नऊला हजर, साथीदाराला सोडून पळत नाही, हरला तर रात्री एकपर्यंत चुकांचा हिशेब मांडतो. एवढं इमान आमच्या पतसंस्थेच्या सभेतही दिसत नाही. फक्त हे सारे गुण पोचिंकीच्या हद्दीतच चालतात.

तेव्हा त्याच्याकडे काही काम असेल तर सकाळी जा. दहानंतर, उठलेला असतो. रात्री नऊ ते अकरा मात्र कृपा करून फोन लावू नका. तुमची एक रिंग वाजते आणि तिकडे तिरोडा, बालाघाट, राजनांदगाव एकदम पडतात.